कापणीचा काळ : वर्षभर

भांडण समजायला भाषा यावी लागत नाही. माझ्या लग्नानंतर सहाव्या वर्षीची गोष्ट. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते आणि मागच्या दारात माझी धाकटी जाऊ तिच्या भावाशी भांडत होती. दोघंही त्यांच्या बोलीत. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तांदळातले खडे तसेच राहिले आणि माझे कान दाराला चिकटले.

धाकटीला घरात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तोवर तिचा आवाज म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'वाढू का?' एवढाच. सासूबाई म्हणायच्या, "गाय आहे गाय." ती गाय आता तव्यावरच्या लाहीसारखी तडतडत होती. भाऊ नावाडी, खांबासारखा उंच, पण उंबऱ्याबाहेर चपला काढून हातात हिरव्या बोरूची एकच कांडी धरून उभा. तो काहीतरी पटवत होता. तिने ती कांडी त्याच्या हातातून ओढली, नखाने उभी फोडली, आतली ओल त्याच्या नाकासमोर धरली आणि एकच शब्द म्हणाली. तो तोंड पाडून निघून गेला.

"काय गं, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही ताई. आजीला इतक्यात हात लावायचा नाही, असं सांगितलं."

"तुझी आजी आहे अजून?" लग्नात तर मला कोणी म्हातारी दिसली नव्हती.

तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली आणि मला सगळं सांगत बसली. तांदूळ त्या दिवशी तिनेच निवडले.

तिचं माहेर म्हणजे गावाबाहेरची दलदल. पाण्यात उभा बोरू, माणसाच्या दुप्पट उंचीचा. त्याच्या चटया, त्याच्या टोपल्या, त्याचंच छप्पर. पण तिच्या माणसांत त्या बोरूला सगळ्यांनी एकाच नावाने हाक मारायची नसते. घरातल्या मुलींची ती आजी. मुलग्यांचा तो मेव्हणा. आजीला कोणी कोयता लावत नाही. तिच्या अंगाखांद्यावर पाखरांनी घरटी किती केली, पिल्लं उडाली की नाही, खालची पानं कधी गळली, कांडी आतून कधी सुकली, हे मुलींनी बघायचं. मेव्हण्याची थट्टा चालते, त्याला ओढता येतं, कापताही येतं. पण बहीण 'आजी निजली' असं म्हणाल्यावरच. कोयता एकाच्या हातात आणि परवानगी दुसरीच्या तोंडात.

"आणि हिरवी असताना कापली तर?"

"तुटलेल्या देठातून पाणी खाली उतरतं ताई, आणि मूळ गुदमरतं. निजल्यावर कापलं तर मुळाला कळतही नाही."

धाकटी लग्न होऊन आमच्याकडे आली तरी तो हक्क तिच्याकडेच राहिला. म्हणून भाऊ दर वर्षी कांडी घेऊन यायचा. त्या वर्षी त्याला घाई होती, आणि तिने त्याला परत पाठवलं. मी मनात म्हटलं, बरं आहे, या घरात कोणाला तरी नाही म्हणता येतं.

पुढे भाऊजींची, म्हणजे माझ्या दिराची, तब्येत बिघडली आणि धाकटी कामाला लागली. ऑफिस झाडापानांचं. त्याला मोठं नाव आहे, पण मी त्याला पाल्याचं ऑफिसच म्हणते. तिथे लोखंडी कपाटांत वाळवलेली झाडं जाड कागदांवर चिकटवून ठेवलेली असतात. धाकटीचं काम झाडलोटीचं, कपाटं पुसायचं, खणात डांबरगोळ्या टाकायचं, ओले टीपकागद गच्चीवर वाळत घालायचं. बावीस वर्षं केलं तिने ते. घरी यायची तेव्हा तिच्या पदराला डांबरगोळ्यांचा वास. भाऊजी म्हणायचे, "कसर तरी लागणार नाही आपल्या संसाराला."

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असायची. वर लांबलचक परकं नाव आणि खाली 'स्थानिक नाव'. त्याच्यापुढे बहुतेक ठिकाणी 'नाही'. धाकटीला अक्षरं लावून लावून वाचता यायचं. एकदा घरी येऊन म्हणाली, "ताई, आज एकशेचाळीस 'नाहीं'वरची धूळ पुसली. त्यातली साठ-सत्तर तर मी ओळखते. कोणी हाक मारली नाही असं गवत असेल का हो कुठे?"

"मग सांग ना त्यांना."

"सांगते की. ते म्हणतात, मावशी, फडकं ओलं मारू नका."

अशी वर्षं गेली. मग एक चष्मेवाली मॅडम आली. पोरगी गुणाची. आल्या आल्या तिने धाकटीला खुर्ची दिली, आणि धाकटी ती पुसूनच बसली. मॅडम म्हणाली, "मावशी, आता नवीन नोंदवही होणार आहे. जैवविविधता नोंदवही. त्यात तुमच्यासारख्या लोकांचं ज्ञान, तुमच्या भाषेतली नावं, सगळं लिहायचं आहे." जैवविविधता हा शब्द माझ्या कवळीतून सरळ बाहेर यायला तीन महिने लागले, पण धाकटीने तो त्याच संध्याकाळी घरात चारदा म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून झाडू मारायला गेली.

पद्धत अशी ठरली होती. एका भाषेच्या दोन माणसांना वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली तर माहिती खरी. चोर पकडायला चांगला नियम आहे, मी नाही म्हणत नाही. मॅडमने धाकटीला ऑफिसात विचारलं आणि तिच्या भावाला दलदलीवर जाऊन, नावेत बसून विचारलं. पानं भरून लिहून आणलं. आणि ते सगळं कॉम्प्युटरमध्ये जायच्या आत तिची बदली झाली. कागद राहिले खिडकीवरच्या कारकुनाकडे.

तो माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्याने काय केलं ते त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं. बोरूचं नाव काय? बहीण म्हणते आजी, भाऊ म्हणतो मेव्हणा. जुळत नाही, म्हणून 'विसंगत', आणि विसंगत असेल तर यंत्र नावाची जागा मोकळी ठेवत नाही, आपोआप 'नाही' टाकतं. कधी कापतात? बहीण म्हणते, "निजल्यावर." भाऊ म्हणतो, "बहीण सांगेल तेव्हा." यंत्रात बारा महिन्यांची यादी आणि शेवटी 'वर्षभर'. काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दोघांपैकी कोणीच महिना सांगितलेला नाही, म्हणजे महिन्याचं बंधन नसावं, असं त्याने धरलं. 'वर्षभर'वर बोट ठेवलं आणि जेवायला गेला.

खाली लिहिलं, भाषा : इतर. माहिती देणार : सफाई कर्मचारी, स्त्री. शिक्षण : नाही. धाकटी दुसरीपर्यंत शिकली होती हो. तेवढंही खाल्लं.

पुढच्याच वर्षी दलदल साफ करायला मशीन आलं. मुकादमाच्या हातात नोंदवहीचं छापील पान होतं. बोरू भर हिरवा, पाखरं अंड्यांवर. एका आठवड्यात अर्धी दलदल सपाट झाली.

धाकटीचा भाऊ त्या दिवशी पुढच्या दाराने आला. हातात कांडी नव्हती, तेच पान होतं. आणि तो तिच्याशी आमच्या भाषेत बोलला. घरातल्या प्रत्येकाला कळावं म्हणून.

"तू लिहून दिलंस. मला दर वर्षी परत पाठवलंस, आणि यांना वर्षभराची परवानगी दिलीस. खाली तूच आहेस ना? सफाई कर्मचारी, स्त्री?"

"मी नाही असं सांगितलं..."

"कागदावर आहे."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. काठावर दिसली की पाठ फिरवायचा. तिचं दुसरं माहेर नव्हतंच. एक भाऊ, एक दलदल.

तिला हवं होतं ते एवढंच, की तो एक शब्द खोडावा. आपल्या नावावर चढलेलं 'वर्षभर' उतरवावं आणि तिथे खरं काय ते लिहावं. मी चौथी शिकलेली, म्हणजे आमच्या दोघींत मी पंडित. मी अर्ज लिहायचे, ती सांगायची. दर सोमवारी आम्ही दोघी पाल्याच्या ऑफिसात. ती निवृत्त झाल्यावरही. सोमवार सोडला नाही. शेजारीण विचारायची, "पेन्शनचं अडलंय का?" मी म्हणायचे, "नाही, एका आजीच्या झोपेचं." ती मग काही विचारायची नाही.

खिडकीवर पहिल्यांदा मी भांडले त्या दिवसाचं सांगते.

कारकून म्हणाला, "आजी, एकाच झाडाला एक आजी म्हणते, एक मेव्हणा. बाई की बाप्या, तेसुद्धा ठरेना. कोणतं तरी एक खोटं असणार ना?"

"असं?" मी म्हटलं. "ही मला ताई म्हणते. माझा नातू मला आजी म्हणतो. माझी सून मला आई म्हणते, आणि पाठीमागे काय म्हणते ते मला माहीत आहे. हिचा नवरा मला वहिनी म्हणतो. तुमच्या नियमाने मी कोण? विसंगत. म्हणजे मला नाव नाही. आणि मला कापायचा काळ, वर्षभर."

रांगेतले लोक हसले. कारकूनही हसला, डोळे पुसले त्याने. म्हणाला, "मला पटतंय हो आजी. रकान्याला पटत नाही."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शिवी देणारा असता तर शिवी दिली असती.

अर्जांची उत्तरं यायची. एक आलं : 'कृपया नेमका महिना कळवावा.' दुसरं आलं : 'लेखी पुरावा जोडावा.' त्यांच्या बोलीला लिपीच नाही, तर लेखी कुठून आणायचं? तिसरं उत्तर दुसऱ्याच कोणाच्या विहिरीबद्दल होतं.

महिन्यावरून आम्हा दोघींचंही वाजलं. मी वैतागले होते. माझे गुडघे, ऑफिसचे ते तीन जिने. एकदा परतताना म्हटलं, "अगं, सांगून टाक एक महिना. साधारण थंडी सुरू होते तो. ते 'वर्षभर' तरी खोडलं जाईल ना?"

"कुठल्या वर्षीची थंडी, ताई? मागल्या वर्षी दीड महिना उशिरा निजली ती. पाणीच उतरेना. एकदा महिना लिहिला की ते कांडीकडे बघणार नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतील."

"मग सगळंच असं टांगून ठेव. तुझ्यापेक्षा तो कारकून बरा, काहीतरी निवडतो तरी."

ती चार पावलं पुढे चालत राहिली. घरी आल्यावर तिने चहा केला, माझ्यापुढे कप आदळला आणि म्हणाली, "निवडण्यामुळेच झालंय हे सगळं." चहात साखर नव्हती. मी मुकाट्याने प्यायले, चूक माझीच होती.

तिसऱ्या वर्षी एक माणूस पत्ता विचारत आमच्याकडे आला. "काठावर उभी राहून ओरडणारी आजी इथेच राहते का?" तो मुकादम. धाकटी मशीन आलं की काठावर जाऊन त्याला काय काय ऐकवायची, ते त्याने लक्षात ठेवलं होतं. कापलेल्या भागात मुळं कुजली होती, काळा चिखल झाला होता, वास सुटला होता आणि त्याचं मशीन दोनदा रुतलं होतं.

"कागदावर वर्षभर आहे," तो म्हणाला, "म्हणजे मी कधीही कापलं तरी चालतं. मग तुम्ही सांगाल तेव्हा का नको? मला मशीन वर काढायचा कंटाळा आलाय."

धाकटी त्याच्याबरोबर गेली. त्या वर्षी आधी नाही म्हणाली, पुन्हा दोन आठवड्यांनी नाही म्हणाली, मग एके दिवशी कांडी फोडून 'आता काप' म्हणाली. उरलेली दलदल तगली. पुढच्या वर्षी पाखरंही आली. मी खुश. म्हटलं, "झालं ना तुझं काम? आता सोमवार बंद."

"हा मुकादम आहे तोवर," ती म्हणाली. "त्याची बदली झाली की? आणि मी गेले की तो कोणाला विचारील? मला मुलगी नाही, भावाला मुलगी नाही. राहील तो कागदच. आणि कागदावर काय आहे?"

मी पेन शोधायला उठले.

मग ऑफिसात नवा साहेब आला. त्याने सगळा जाडजूड गठ्ठा वाचला, हे मी देवाशपथ सांगते, पहिल्या पानापासून वाचला. म्हणाला, "आपण दोन्ही नावं घेऊ. आवाज रेकॉर्ड करून जोडू, तुमच्याच भाषेत. कोण काय म्हणतं, कोण परवानगी देतं, सगळं. महिना नको, खूण लिहू : कांडी आतून सुकली की." धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच दिवशी तिचा आवाज घेतला. ती इतका वेळ तिच्या बोलीत बोलली की मला बाकावर डुलकी लागली.

"आता फक्त भावाचा आवाज आणा," साहेब म्हणाला. "दोघांचे लागतात. मग ती जुनी नोंद लगेच रद्द करतो."

फक्त!

धाकटी जाऊ शकत नव्हती, म्हणून मी गेले. माझ्या वयाला नावेत चढणं म्हणजे काय ते नावाड्यालाच ठाऊक. त्याने हात दिला, बसवलं आणि निम्म्या पाण्यात आल्यावर विचारलं, "पैलतीरावर काय काम ताई तुमचं?"

"काही नाही. काठावर तुम्ही पाठ फिरवता. नावेत फिरवली तर वल्हवणार कोण?"

तो हसला नाही. मी सगळं सांगितलं. तो ऐकत वल्ही मारत राहिला. मग म्हणाला, "माझ्यापुढे एकदा वही धरली होती. मी खरं बोललो. म्हटलं, बहीण सांगेल तेव्हा. त्यांनी त्याचं वर्षभर केलं. आता परत बोलू? आधी ते खोडा म्हणावं. खोडलेलं पान दाखवा, मग हवं तेवढं बोलतो."

"अहो, पण ते म्हणतात आधी तुम्ही बोला, मग खोडतो."

"मग म्हणू देत."

"तुमची बहीण झिजतेय त्यापायी."

त्याने नाव काठाला लावली. मला हात धरून उतरवलं. म्हणाला, "कांडी फोडून बघते अजून, मुकादम सांगत होता." एवढंच. चांगलं म्हणून म्हणाला की टोमणा मारला, मला कळलं नाही. मी ते धाकटीला जसंच्या तसं सांगितलं. तिने मला ते तीनदा म्हणायला लावलं.

साहेबाला विचारलं, आधी खोडता येईल का. तो केसांत बोटं घालून म्हणाला, "नोंद रद्द करायला नवी नोंद लागते, आणि नवी नोंद दोन माणसांशिवाय होत नाही. मी वर लिहितो." त्याने वर लिहिलं. वरून अजून खाली काही आलेलं नाही.

अशी सात वर्षं झाली. धाकटीला दम लागायला लागला होता. जिन्यावर ती प्रत्येक मजल्याला थांबायची आणि मी गुडघ्यांसाठी थांबते आहे असं दाखवायचे, म्हणजे तिला थांबायला लाज वाटू नये. ती तेच माझ्यासाठी करत होती, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

ती गेली गुरुवारी. त्याआधीचा सोमवार नेहमीसारखाच होता.

सकाळी मी कागद घेऊन बसले. "यावेळी काय लिहू?"

"मागचाच उतरवा, ताई. त्यात काही चुकलेलं नाही."

मी उतरवला. विषय, बोरूच्या कापणीचा काळ. खाली तिची सही, एकेक अक्षर सुटं सुटं. तिने दोन प्रती घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. आम्ही चालत गेलो, कोपऱ्यावर थांबलो, जिन्यावर तीनदा थांबलो. खिडकीवर तोच कारकून, केस पांढरे झालेला.

"या आजी. दोघी आलात?"

"दोघीच येतो," धाकटी म्हणाली.

त्याने शिक्का उचलून मारला. धाकटीने आपली प्रत उजेडाकडे धरून तारीख बघितली. "ही शनिवारची आहे. आकडे फिरवा, मग मारा."

"शनिवार काय नि सोमवार काय, आजी..."

"मी सोमवारी आले आहे."

त्याने आकडे फिरवले, शिक्का पुन्हा शाईत दाबला आणि दोन्ही प्रतींवर नीट मारला. तिने फुंकर घालून शाई वाळवली, प्रत पिशवीत ठेवली. बाहेर पडताना जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कोणीतरी फरशी पुसायची बादली तशीच ठेवली होती. धाकटीने ती पायाने भिंतीकडे सरकवली, फडकं पिळून कडेवर टाकलं आणि मला म्हणाली, "पायरी ओली आहे ताई, कठडा धरा."